मुकादमाच्या कमरेवरची रेघ

१

शेवटच्या महिन्यात मुकादमाला जो भेटेल तो म्हणायचा, तब्येत मानवली बरं तुम्हाला. ते खरंच होतं. उभा जन्म काडीसारखा काढलेला माणूस, पण आता गाल भरले होते, चेहरा गोल झाला होता. भूक अशी खवळायची की स्वतःचा डबा चाटूनपुसून तो शेजारच्याच्या डब्यात डोकवायचा. छातीतली घरघर तर पार गेली होती. कौलांच्या कारखान्यात चिखलाच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो दिवसभर ओरडत असायचा, की अजून तुडवा, एक खडा राहिला तर भट्टीत कौल फुटेल आणि बोलणी मला बसतील.

असा माणूस आठवड्याभरात हॉस्पिटलच्या खाटेवर रक्त खोकत मेला, याचा कोणालाच मेळ लागेना.

आधी पोटात कळा आल्या, मग उलट्या सुरू झाल्या. ताप चढला, मान आखडली, शेवटी तो माणसं ओळखेनासा झाला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी हे दिलं, ते दिलं, काही लागू पडलं नाही. मरायच्या आदल्या दिवशी अंग पुसताना नर्सला त्याच्या कमरेवर एक लांबट लाल रेघ दिसली, दोरीचा वळ उठावा तशी. तिनं सहज लेकीला विचारलं, यांना कोणी मारलंय का. लेक त्या रेघेकडे बघतच राहिली.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हातारे होते आणि तोलूनमापून बोलत. फुप्फुसांत रक्त साकळलंय, आतडी आतून सोलल्यासारखी झालीत, इतकंच त्यांनी सांगितलं. लेकीनं सरळ विचारलं, विष असेल का. डॉक्टर म्हणाले, नाही म्हणायला माझ्या हातात अजून काही नाही.

तिला तेवढं पुरलं. हॉस्पिटलातून निघाली ती थेट पोलीस ठाण्यात गेली. निरीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पाणी पुढे केलं, तिनं ग्लासला हातही लावला नाही.

"माझ्या बाबांना विष घातलंय, मॅडम," ती म्हणाली. "आणि घालणारा माणूस आत्ता आमच्या घरी बसून रडतोय."

२

घरात माणसं तीनच. मुकादम, त्याची लेक आणि त्याचा धाकटा भाऊ. मुकादमाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, धाकट्यानं लग्नच केलं नव्हतं. दोघे भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच चिखलात. लेक मात्र शिकली होती आणि मोठ्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. स्वयंपाक धाकट्याकडे. रात्री झोपताना भावाला कपभर दूध तापवून द्यायचंही त्याच्याकडेच. ते दूध मुकादमाशिवाय घरात कोणी घेत नसे.

लेकीचा संशय त्या दुधावर होता. खड्ड्यावरचं मुकादमपण काकाला हवं होतं, आणि त्यावरून दोघांची धुसफूस चालायची हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. "बाबांचा दमा मी माझ्या हातानं बरा केला होता," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी ते शांत झोपायला लागले होते. ते कोणाला तरी बघवलं नाही."

बाईंनी स्वयंपाकघर पाहिलं. ओट्याखाली उंदराच्या औषधाचा डबा होता, अर्धा रिकामा. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, उंदीर झालेत. घरात उंदीर खरोखरच होते, बाईंच्या देखत एक मोरीतून पळाला. त्यामुळे त्या डब्यावरून काहीच ठरेना.

मग त्या कारखान्यात गेल्या. एका बाजूला भट्टी धुमसत होती, वाळवणीच्या शेडमध्ये ओली कौलं ओळीनं मांडलेली होती, आणि मागच्या अंगाला तो खड्डा. पोटरीभर चिखलात बाया आणि पुरुष एका लयीत पाय उचलत होते, टाकत होते. सगळे अनवाणी. बाईंनी विचारलं, गमबूट नाहीत का. एक बाई हसली. म्हणाली, घालून बघा, चिखल बूट ठेवून घेतो आणि पाय तेवढा परत देतो. बोलता बोलता ती एका पावलानं दुसरं पाऊल खाजवत होती. शेजारचा माणूसही तेच करत होता.

मॅनेजर तजेलदार माणूस, बूट आरशासारखे. त्यानं चहा मागवला आणि मुकादमाविषयी चार बरे शब्द काढले. भांडणाचं मात्र आपणहून बोलला नाही, ते बाईंना खड्ड्यावर आधीच कळलं होतं. आजारी पडायच्या आठवड्यात मुकादमानं सगळ्यांसमोर मॅनेजरला सुनावलं होतं, की या खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, याला वास येतो. मॅनेजर हसून म्हणाला, माती आहे मॅडम, अत्तर नाही. मग आवाज उतरवून त्यानं एक गोष्ट सांगितली. थोरला हॉस्पिटलात तळमळत असताना धाकटा मॅनेजरच्या दारात आला होता. मुकादमाची जागा मला द्या, म्हणाला.

धाकट्यानं तर सांगितलं होतं की तो त्या आठवड्यात हॉस्पिटल आणि घर सोडून कुठे गेलाच नाही.

बाईंनी त्याला पुन्हा समोर बसवलं. तो खाली मान घालून म्हणाला, जागा बाहेरच्याला गेली असती म्हणून विचारलं. पण भाऊ जिवंत असताना विचारलं, हे पोरीच्या कानावर जाऊ नये असं वाटलं. ते बाईंना पटण्यासारखं वाटलं. पण विषाच्या गुन्ह्यात खोटं बोललेला माणूस मोकळा सोडता येत नव्हता. त्याला कोठडीत टाकलं.

झडतीत त्याच्या खिशात कागदाची पुडी निघाली, पांढऱ्या गोळ्यांची. पुतणीनं दम्यासाठी दिल्यात, तो म्हणाला. बाईंनी त्यातली एक उचलून पाहिली, त्यावर कंपनीचा छाप होता. साधी दुकानातली गोळी. त्यांनी हवालदाराला सांगितलं, माणसाला दमा आहे, रोजची गोळी चुकवू नका.

३

प्रयोगशाळेचा निकाल आला. मुकादमाच्या पोटात, रक्तात, कशातही विष नव्हतं. उंदराचं नाही आणि दुसरंही कुठलं नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग माणूस मेला कशानं? विष नाही तर गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही तर धाकट्याला ठेवायचा कशाला. त्याला सोडायचं ठरवून त्या कोठडीकडे निघाल्या, तर हवालदार समोरूनच धावत आला. आदल्या दिवसापर्यंत तो या कैद्याची थट्टा करत होता, की सासुरवाडीला आल्यासारखा जेवतो, दोनदा वाढून घेतो, याला कोठडी मानवली. आता तो नुसता कोठडीकडे बोट दाखवत होता.

धाकटा भिंतीशी मुटकुळं करून पडला होता. पोट दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. तो खोकला आणि फरशीवर रक्ताचे थेंब पडले.

भावाला झालं तेच. पण हा तर कुलूपबंद होता. तो जेवला ते ठाण्यातल्या सगळ्यांच्या भांड्यातलं, पाणी प्यायला ते बाईंच्याच माठातलं. बाहेरचं माणूस त्याला भेटलेलं नव्हतं. कोणी मारत असेलच, तर ते या ठाण्याच्या आत बसून मारत होतं.

त्याला उचलताना सदरा वर गेला, आणि बाईंना कमरेवर ती दिसली. लांबट लाल रेघ.

"कोणी हात टाकला याच्यावर?" त्यांनी विचारलं.

हवालदार गयावया करायला लागला. मुलांच्या शपथा घेतल्या, बोटसुद्धा लावलेलं नाही म्हणाला. बाईंचा विश्वास बसला नाही. वाटेत कोणी पुन्हा हात टाकला आणि नवा वळ जुनाच म्हणून खपवला असं व्हायला नको, म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि रेघ जिथे संपत होती तिथे कातडीवर एक आडवी खूण केली. मग गाडी काढली.

बाई म्हाताऱ्या डॉक्टरांना शवागारातून बोलावून घेऊन वॉर्डात आल्या तोवर दुपार कलली होती. बाईंनी स्वतः सदरा वर केला, म्हणाल्या, ही खूण माझी आहे, इथपर्यंतचा वळ आधीचा.

डॉक्टर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"तुमची खूण इथे आहे," ते म्हणाले. "आणि रेघ तर पार इथे आलीय."

रेघेचं टोक पेनाच्या खुणेपासून चार बोटं पुढे गेलं होतं. मागच्या बाजूनं ती तितकीच पुसट झाली होती. वळ असा जागा बदलत नाही. ती रेघ चालत होती.

४

डॉक्टरांच्या खोलीत बाई उभ्याच राहिल्या. बसलं तर विचार थांबेल असं त्यांना वाटत होतं.

त्या मोठ्यानं बोलत गेल्या. आजार एकच, माणसं दोन. एक घरी होता, दुसरा माझ्या कुलपात. धाकट्यानं भावाला काही घातलं म्हणावं, तर स्वतःला कोण घालेल. मॅनेजर तर दोघांच्या ताटापर्यंत पोहोचूच शकत नाही. दूध थोरल्यापुरतं होतं, ठाण्यातलं जेवण धाकट्यापुरतं. दोघांच्या पोटात गेलेली समान गोष्ट मला एकच दिसते.

त्यांनी कागदाची पुडी टेबलावर ठेवली, म्हणाल्या, लेकीनं बापाचा दमाही हिनंच बरा केला असणार. कोठडीत ही गोळी त्याला रोज मिळेल याची काळजी त्यांनी स्वतः घेतली होती.

डॉक्टरांनी गोळी उलटसुलट केली. "ही स्टिरॉइडची आहे. दमा असला, सांधे धरले की देतात. अहो, मी स्वतः घेतो."

"गाल भरतात यानं? भूक वाढते?"

"वाढते. चेहरा गोल होतो. चार दिवस माणसाला वाटतं, आपण तरुण झालो."

"मग तुम्ही कसे धडधाकट?"

बाईच पुढे म्हणाल्या, गोळी तीच आणि तुम्हाला काही होत नाही, म्हणजे खोट गोळीत नाही. त्या दोघांच्या अंगात असं काहीतरी आहे जे तुमच्या अंगात नाही. आणि तुमच्यात आणि त्यांच्यात मला दिसणारा फरक म्हणजे पाय. तुम्ही कधी चिखल तुडवलेला नाही. खड्ड्यावर माणसं सारखी पावलं खाजवत होती, डॉक्टर. मी ते बघितलं आणि सोडून दिलं.

म्हातारे डॉक्टर खुर्चीतून उठले ते इतक्या झटक्यानं की खुर्ची मागे पडली. धाकट्याचा बेडका काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, डोळा लावला, आणि मग नुसते बाजूला झाले.

बाईंनी डोळा लावला. काचेवर काहीतरी वळवळत होतं. सुताच्या तुकड्याएवढं, पारदर्शक, जिवंत. शेजारी दुसरं. मग इतकी दिसायला लागली की त्यांना ती मोजवेनात. माणसाच्या छातीतून आलेल्या थुंकीत ती पोहत होती.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टर मागून सांगत होते. हा जंत घाण मिसळलेल्या ओल्या मातीत राहतो. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून आतड्यात. एकदा आत आला की अंगातच पिल्लं वाढवतो, बाहेरची मातीही मग लागत नाही. माणूस वीस-तीस वर्षं त्याला घेऊन फिरतो. अधूनमधून पोट दुखतं, अंगावर रेघ उमटते आणि जाते, छाती घरघरते. त्या घरघरीला सगळे दमा म्हणतात. शरीर त्याला कसंबसं मुठीत ठेवून असतं. ही गोळी ती मूठ सोडवते. मग तो आतड्याच्या भिंती फोडून सगळीकडे पसरतो आणि आतड्यातली घाण बरोबर नेतो. फुप्फुसात, मेंदूपर्यंत.

"थोरल्याच्या फुप्फुसाचा तुकडा माझ्या कपाटात आहे," ते म्हणाले. "मी त्यात विष शोधत बसलो. हे बघितलंच नाही."

तो तुकडा त्यांनी काढला. त्यातही तेच निघालं.

धाकट्याला वॉर्डात जंतांवरचं औषध सुरू झालं. वाचेल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी खांदे उडवले. बाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. एक गोष्ट त्यांच्या आत्ता ध्यानात आली होती. दम लागणारी माणसं त्या खड्ड्यावर फक्त दोनच कशी असतील.

५

लेक काउंटरवर होती. बाईंना बघून तिला वाटलं, काकानं कबूल केलं. ती गिऱ्हाईक सोडून पुढे आली.

बाईंनी तिला आतल्या बाजूला खोक्यांवर बसवलं. वेळ नव्हता, आणि हे हळुवार सांगायची कुठली रीतही त्यांना सुचत नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. जंत, घरघर, गोळी, मुकादमाचा गोल चेहरा. औषधांशी तिचा रोजचा संबंध होता, निम्म्यात आल्यावरच तिला पुढचं कळलं असावं. चेहरा पांढराफटक पडत गेला.

"त्यांना श्वास घेता येत नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "रात्र रात्र उशीला टेकून बसायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर जायचे नाहीत. इथे लोक या गोळ्या नेतात, बरे होतात. मी दिली आणि ते झोपले. मला वाटलं..."

मग तिनं विचारलं, "मी मारलं ना त्यांना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "गोळीनं मारलं, आणि ती तुम्ही दिली होती," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या अंगात काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि तुमच्या काकांना ती कोठडीत मी देत राहिले. रडायचं असेल तर आपण दोघी नंतर रडू. खड्ड्यावरच्या आणखी कोणाला दिल्यात?"

तिनं डोळे मिटले. कोण कोण आलं होतं ते आठवायला लागली. मुकादमाचा दमा गेलेला बघून त्याच्या हाताखालची माणसं एकेक करून तिच्याकडे आली होती. खड्ड्यावर बुटांवरून हसलेली ती बाई आली होती. तिचा नवरा आला होता. भट्टीवरचा एक आला होता, तो पूर्वी खड्ड्यात होता. आणि कौलांच्या साच्यावर बसणाऱ्या एका बाईची म्हातारी आई, तिचाही जन्म त्याच चिखलात गेला होता.

दुकानाचा दरवाजा ओढून दोघी निघाल्या. लेकीला गोळ्या हिसकावून गटारात टाकायच्या होत्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी एकाएकी तोडली तरी माणूस दगावतो, माणसंच घेऊन या. मग दारोदार तेच सांगणं सुरू झालं. काही जणांनी दार लावून घेतलं. भट्टीवरचा तर हसायलाच लागला, म्हणाला, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, बघा माझे गाल.

लेक त्याच्या उंबऱ्यावर खाली बसली. म्हणाली, "बाबांचेही असेच भरले होते, भाऊ. गोळी मीच दिली होती."

तो हसायचा थांबला. आत जाऊन त्यानं सदरा चढवला आणि त्यांच्याबरोबर चालायला लागला.

साचेवालीची आई चालू शकत नव्हती. तिला उचलूनच न्यावं लागलं. ती आठवडाही टिकली नाही. बाकीचे वाचले.

६

खड्ड्यातलं पाणी कुठून येतं हे बघायला बाई कुदळवाले घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणाला, तळ्याचं. तळ्याकडून येणारा नळ कोरडा निघाला, त्याच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं होतं. मग कुदळ कामगारांच्या संडासांच्या बाजूनं चालवली. थोड्याच खोलीवर पाइप लागला. संडासाची टाकी भरली की तिचं पाणी त्यातून थेट खड्ड्यात उतरत होतं. तळं आटल्यावर माती भिजवायला ही सोय केली होती. मुकादमाला आला तो वास याचा.

मॅनेजरचे चकचकीत बूट खणलेल्या चराच्या काठावर थांबले. त्यानं बचावही बऱ्यापैकी केला. मुकादमाच्या अंगातला जंत जुना असेल, त्याच्या तरुणपणचा, त्याचं माझ्या माथी कसं मारता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, त्याचं म्हणणं खोटं नाही, कोणता जंत कधीचा हे मला सांगता येणार नाही. पण खड्ड्यावरच्या सगळ्यांची तपासणी झाली, आणि ज्यांनी अलीकडेच काम धरलं होतं, विशी-बाविशीची मुलंमुली, त्यांच्यातही बहुतेकांच्या पोटात तो निघाला. त्यांचा जंत तर जुना नव्हता. खुनाचं कलम लागलं नाही. माणसांना जाणूनबुजून मैल्यात उतरवल्याचं लागलं. बाईंना ते कमी वाटलं, आणि तसं त्यांनी वरिष्ठांना तोंडावर सांगितलंही.

धाकटा बरेच दिवस जाणार की राहणार अशा अवस्थेत होता. मग एका सकाळी त्यानं चहा मागितला. लेक रोज येऊन वॉर्डाच्या दारातच बसायची. आत जायची नाही. ज्या माणसाला आपण खुनी म्हणून पोलिसांच्या हवाली केलं, आणि ज्याला आपल्याच गोळीनं इथे आणून टाकलं, त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं जायचं हे तिला कळत नव्हतं. त्या दिवशी नर्स घाईत होती. तिनं काकाच्या औषधाची वाटी लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, तेवढं देऊन ये.

ती खाटेशी गेली. काका पार वाळला होता. त्यानं वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात पुढे केला नाही.

"कशाची आहे?" त्यानं विचारलं.

"जंतांची."

"कोणी सांगितली?"

"वॉर्डच्या डॉक्टरांनी. तुमचं रक्त, थुंकी, सगळं तपासून."

"दुसरी कुठली दिलीस तर?"

"नाही देणार," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय कोणालाच नाही देणार, काका."

मग त्यानं कोपरावर भार देऊन मान उचलली आणि तोंड उघडलं.

तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि गोळी त्याच्या ओठापर्यंत नेली.